पुढचा ॲक्सल आखूड करताना: आधी शाफ्ट, मग नळी

रँग्लर वायजे ही १९८७ ते १९९५ या काळातली जीप. तिच्या पुढच्या बाजूला कारखान्यातूनच डाना ३० ॲक्सल येतो. रस्त्यावर तो उत्तम. पण टायर ३५ इंची झाले, डिफमध्ये (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलमध्ये) दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर बसला आणि गाडी दगडांवर चढवायला सुरुवात झाली की त्याची दमछाक होते. अमेरिकेत मग बरेच जण १९७८-७९च्या फोर्ड ब्रॉन्कोखालचा डाना ४४ शोधतात. डिफ चालकाच्या बाजूला, पिनियन (डिफला फिरवणारा छोटा गिअर) वरच्या अंगाला, म्हणजे दोन्ही गोष्टी वायजेला सोयीच्या. अडचण एकच: तो रुंद आहे. चाक जिथं टेकतं त्या एका पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंत ब्रॉन्कोचा ॲक्सल सुमारे ६५.५ इंच भरतो, वायजेचा सुमारे ६०.५. हे ५ इंच, म्हणजे १२७ मिमी, कुठून आणि कसे काढायचे, हा या लेखाचा विषय.

आधी हा खटाटोप कशासाठी ते पाहू. डाना ३०चं क्राउन व्हील (डिफमधला मोठा गिअर) साधारण ७.२ इंचाचं, डाना ४४चं ८.५ इंचाचं. आतल्या शाफ्टचे दाते २७वरून ३० होतात. नळ्या जाड मिळतात. मात्र शेवटच्या काळातल्या काही वायजेमध्ये आणि या डाना ४४मध्ये क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारा युनिव्हर्सल जॉइंट) जवळपास एकाच मापाचे असतात. तेव्हा तुमची तक्रार फक्त ‘क्रॉस तुटतो’ एवढीच असेल तर चांगल्या क्रोममॉलीचे शाफ्ट आणि दर्जेदार क्रॉस घ्या. ॲक्सल कापायची गरज नाही. शिवाय ब्रॉन्कोच्या चाकाला ५ बोल्ट ५.५ इंचांच्या वर्तुळावर असतात, वायजेला ४.५ इंचांच्या. म्हणजे मागचा ॲक्सलही बदलावा लागतो, नाहीतर स्टेपनी दोन ठेवा. गिअर रेशो पुढे-मागे जुळायलाच हवा. ४.०९ आणि ४.१० एवढा फरक चालतो, ३.५४ आणि ४.१० चालत नाही.

शाफ्ट हातात आल्याशिवाय करवत उचलू नका

या कामात सगळ्यात महागाची वस्तू आतला लांब शाफ्ट, आणि मागून दुरुस्त न होणारीही तीच. नळी २ मिमी जास्त कापली गेली तर वेल्डर सांभाळून घेतो, शाफ्ट २ मिमी आखूड आला तर तो भंगारात जातो. म्हणून क्रम असा: हव्या त्या रुंदीच्या जवळचा तयार शाफ्ट मिळतो का ते पाहा. मिळाला तर त्याच्या लांबीवरून नळीचं माप काढा. नाही मिळाला तर मापाचा शाफ्ट करून घ्या, तो घरी येऊ द्या, टेबलावर ठेवून स्वतः मोजा आणि मगच कापायला बसा.

शाफ्टची लांबी दात्यांच्या टोकापासून क्रॉसच्या मध्यापर्यंत धरायची. मध्य डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून टोकापासून क्रॉसच्या भोकाच्या जवळच्या कडेपर्यंत एक माप आणि लांबच्या कडेपर्यंत दुसरं माप घ्यायचं. दोन्हींची सरासरी म्हणजे मध्य. नळी जेवढी कमी होईल तेवढाच शाफ्ट कमी होतो, त्यात कुठलंही गुपित सूत्र नाही.

मूळचाच शाफ्ट कापून नवे दाते पाडून घेण्याचा मोह होतो. पण बऱ्याच शाफ्टची जाडी दात्यांच्या मागे लगेच कमी होते, त्यामुळे ५ इंच आत गेल्यावर ३० दात्यांना पुरेसा धातूच उरत नाही. उरला तरी मूळच्या दात्यांना दिलेलं पाणी नव्यांना नसतं. आणि शाफ्ट मधोमध कापून, बाही चढवून वेल्ड करणं? रानात अडकलात आणि घरी पोचायचं आहे एवढ्यापुरतं ठीक. पक्क्या कामात अजिबात नाही.

पाच इंच कोणत्या बाजूचे?

डिफ डावीकडे असल्यामुळे डावी नळी मुळात तोकडी आहे. तिथं कापायला जागा नाही, सगळे ५ इंच उजव्या लांब नळीतून जातात. याचा एक परिणाम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उजवीकडून ५ इंच गेले की ॲक्सलचा मध्य अडीच इंच डावीकडे सरकतो. ॲक्सल गाडीखाली मधोमध बसवला की डिफ मूळच्यापेक्षा अडीच इंच आत, इंजिनाच्या दिशेला येतं. पुढचं सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेल्यावर डिफचा माथा ऑइल पॅनला लागतो का? प्रॉपेलर शाफ्ट एक्झॉस्टला घासतो का? रिकामं हाउसिंग गाडीखाली सरकवून, जॅकनं वर उचलून हे कापण्याआधीच बघून घ्या.

त्याच वेळी डाव्या स्प्रिंगची बैठक कुठं येते तेही पाहा. ब्रॉन्कोला पुढे कॉइल स्प्रिंग आणि रेडियस आर्म होते. त्या आर्मसाठीची डावी पाचर डिफच्या ओतीव घराशी एकजीव असते. वायजेची पाट्याची स्प्रिंग नेमकी त्याच भागात उतरते. पाचर ग्राइंडरनं उतरवावी लागते आणि ते कंटाळवाणं काम आहे. त्याला वेळ द्या, डिफच्या घरात खाच पडू देऊ नका.

खुणा

हाउसिंग पूर्ण मोकळं करा: डिफ, बेअरिंग, पिनियन, आतली सीलं, बॉल जॉइंट, सगळं बाहेर. धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल वापरा आणि पूर्ण वाळू द्या. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या आसपासही आणू नका. त्याचा अंश राहिला आणि त्यावर आर्क पडला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. हे भीती घालायला लिहीत नाही, त्यानं माणसं खरोखर रुग्णालयात गेली आहेत.

मग हाउसिंग दोन घोड्यांवर पाणसळीत घ्या. नळीच्या टोकाला बसवलेला जो चिमट्यासारखा भाग बॉल जॉइंट धरतो, त्याला सगळे ‘सी’ म्हणतात. नळीवरून सीवर जाणारी एक सरळ रेघ टोकदार सुईनं ओढून ठेवा. दोन्ही सींमधलं अंतर बॉल जॉइंटच्या भोकांच्या मध्यांपासून घ्या. डिफच्या बेअरिंगच्या खोबणीपासून नळीच्या टोकापर्यंतचं अंतर वेगळं लिहा. माप नेहमी मशिन केलेल्या पृष्ठभागापासून घ्यायचं, वेल्डच्या कडेपासून कधीच नाही. शेवटी पिनियनच्या फ्लँजचा कोन आणि दोन्ही सींच्या बॉल जॉइंटच्या बैठकीचा कोन डिजिटल अँगल गेजनं घ्या. मूळ ॲक्सलचे हे तीन कोन वहीत असले की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

सी काढणं

नळी मधोमध कापून जोडण्यापेक्षा टोकाचा सी काढून नळी छाटणं आणि सी परत बसवणं, हाच मार्ग मला पटतो. त्यात नळीत सांधा राहत नाही आणि वेल्ड कारखान्यातल्या मूळ जागीच पडतो. वेळ मात्र जास्त लागतो.

सीभोवतीचा मूळ वेल्ड ग्राइंडरनं हळूहळू उतरवा. जाड चकतीनं बराचसा काढा, शेवटचे दोन-तीन मिमी फ्लॅप डिस्कनं. थोड्या वेळानं नळी आणि सी यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ उमटते. ती रेघ पूर्ण गोल फिरली की थांबायचं. ती दिसल्यावरही घासत राहिलात तर सीचा धातू जातो, आणि सी पुन्हा वापरायचा आहे. आता सी गॅसच्या ज्योतीनं सगळीकडून सारखा तापवा आणि आतल्या बाजूनं घणानं बाहेर हाणा, एक फटका वर, एक खाली, म्हणजे तो तिरका अडकत नाही. हलत नसेल तर वेल्ड कुठंतरी शिल्लक आहे. जोर वाढवण्याआधी तो शोधा.

छाटणी

नळीच्या जुन्या टोकापासून १२७ मिमी मोजा. गोल नळीवर काटकोनात रेघ मारायला कागदाची सरळ कडेची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळा. पट्टीची कड स्वतःवर तंतोतंत बसली की रेघ चौरस आली समजा. त्या कडेला होज क्लिप आवळली तर ग्राइंडरला सरळ आधार मिळतो. बँड सॉ असेल तर उत्तमच. कापल्यावर गुण्या लावून तपासा, आतली-बाहेरची कड मोडा आणि नळीत चिंधी ठोसून आत पडलेला चुरा बाहेर ओढून काढा. तो चुरा डिफमध्ये गेला तर बेअरिंग खातो.

आता बेअरिंगच्या खोबणीपासून नव्या टोकापर्यंत पुन्हा मोजा आणि शाफ्ट प्रत्यक्ष घालून बघा. दाते साइड गिअरमध्ये पूर्ण बसले पाहिजेत, पण शाफ्टचं टोक डिफच्या मधल्या पिनला टेकता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचं: सी बसवल्यावर क्रॉसचा मध्य वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटला जोडणाऱ्या रेषेवर पडला पाहिजे. तो ५-७ मिमी बाजूला असला तर चाक पूर्ण वळवल्यावर क्रॉस अडखळतो, आणि आवाज येऊ लागेपर्यंत स्टबचे (चाकाकडच्या छोट्या शाफ्टचे) कान झिजलेले असतात.

कॅस्टर आणि पिनियन एकदाच ठरतात

सी नळीवर फिरवून वेल्ड केला की पिनियनचा कोन आणि कॅस्टर (बाजूनं पाहता बॉल जॉइंटच्या रेषेचा मागे झुकाव) यांचं नातं कायमचं पक्कं होतं. नंतर स्प्रिंगखाली पाचर घालून तुम्ही पूर्ण ॲक्सल फिरवू शकता, पण मग दोन्ही एकत्र हलतात. पुढच्या ॲक्सलचं पिनियन मागे तोंड करून असतं. ते वर उचललं की हाउसिंगचा माथा पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. उंच केलेल्या जीपमध्ये नेमकं हेच भांडण असतं: प्रॉपेलर शाफ्टला पिनियन वर हवं, स्टीअरिंगला कॅस्टर हवा.

म्हणून लक्ष्य आधी ठरवा. प्रॉपेलर शाफ्टला ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) बाजूला डबल क्रॉस असेल तर पिनियन जवळपास थेट त्याच्याकडे रोखलेलं असावं. दोन्ही टोकांना एकेरी क्रॉस असतील तर पिनियन आणि ट्रान्स्फर केसचा आउटपुट समांतर हवेत. समजा गाडी तिच्या उंचीवर उभी असताना पिनियन ७ अंश वर लागणार आहे. कॅस्टर ५ ते ७च्या दरम्यान चांगला, आपण ६ धरू. मग हाउसिंग घोड्यांवर फिरवून पिनियनच्या फ्लँजवर ७ अंश आणा, तिथंच पक्कं बांधा आणि बॉल जॉइंटची रेषा ६ अंश मागे झुकेपर्यंत सी फिरवा.

हे करायचं तर डावा सीही सोडवावा लागतो. मूळ कोन तुमच्या गाडीला चालत असतील तर डावा तसाच ठेवा आणि उजवा त्याच्याशी जुळवा. दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक राहू देऊ नका, नाहीतर गाडी सपाट रस्त्यावरही कमी कॅस्टरच्या बाजूला ओढत राहते.

सी बसवताना त्याचं भोक आणि नळी दोन्ही एमरीनं स्वच्छ करा. सी सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, नळी थंड राहू द्या. मग सी चढवा आणि खुणेवर आणा. तो आवळायच्या आत फिरवण्यासाठी फार थोडा वेळ मिळतो, म्हणून बॉल जॉइंटच्या भोकांतून लांब पहार आधीच तयार ठेवा. एक माणूस पहारेवर, दुसरा अँगल गेजवर. हे काम एकट्यानं करू नये.

बार

सरळपणा तपासायला अलाइनमेंट बार लागतो: सुमारे ३८ मिमी व्यासाचा घासून सरळ केलेला भरीव गज, डिफच्या बेअरिंगच्या खोबणीत बसणाऱ्या दोन चकत्या आणि नळीच्या टोकासाठी दोन चकत्या. डाना ४४च्या या बेअरिंगचा बाहेरचा व्यास सुमारे ७३.४ मिमी भरतो, तरी चकती तुमच्या हाउसिंगच्या मापानंच बनवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत कुठलाही चांगला टर्नर एवढं काम सहज करून देईल. परदेशात तयार संच भाड्यानंही मिळतात.

बार वापरताना एक बारकावा. डिफच्या चकत्यांपासून ९०० मिमी पुढे आलेलं त्या गजाचं मोकळं टोक स्वतःच्या वजनानंच मिलिमीटरचा तिसरा हिस्सा खाली झुकतं. आपण शोधतोय तो दोषही तेवढाच असतो. म्हणून आडव्या दिशेचं माप खरं माना, मग हाउसिंग ९० अंश फिरवून पुन्हा आडवंच मोजा. नळीच्या टोकाला अर्ध्या मिमीच्या आत आलं की समाधान मानावं. ७५० मिमी नळीच्या टोकाला १ मिमी सरकणं म्हणजे कोनात फक्त ०.०८ अंश. चाकाच्या कॅम्बरला (समोरून पाहता चाकाच्या कलाला) ते कळतही नाही, पण सीलला आणि दात्यांना कळतं. गळकं सील वारंवार बदलणाऱ्यांनी एकदा नळीच तपासावी.

टाके, मग वेल्ड

आधी चार टाके: वर, खाली, पुढे, मागे. कोन पुन्हा मोजा. बार पुन्हा फिरवा. काही हललं असेल तर टाका कापायला दोन मिनिटं लागतात, पूर्ण वेल्ड कापायला अर्धा दिवस.

सी पोलादाचा आणि जाड असतो, म्हणून वेल्डआधी तो दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत तापवून घ्या. ई ७०१८ रॉड वापरत असाल तर ते ओव्हनमध्ये कोरडे केलेले हवेत. पावसाळ्यात उघड्या पुड्यातले रॉड वापरणं म्हणजे वेल्डमध्ये हायड्रोजन आणि तडा स्वतःहून बोलावणं. मिग (तारेचं वेल्डिंग) असेल तर यंत्र पुरेशा ताकदीचं पाहिजे. घरगुती लहान मिगचा मणी, म्हणजे वेल्डची रेघ, वर सुंदर दिसतो आणि आत शिरत नाही. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा.

वेल्ड एका दमात गोल फिरवू नका. थंड होताना मणी आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. वर एक इंच-दीड इंच, मग खाली तेवढाच, मग पुढे, मग मागे. मध्ये बार हातानं फिरवून बघत राहा. तो जड वाटायला लागला की कुठल्या बाजूनं ओढ बसली ते लगेच समजतं, आणि पुढचा मणी समोरच्या बाजूला टाकून ती परत काढता येते. काम झाल्यावर पंखा नको, पाणी तर नकोच. आपोआप थंड होऊ द्या.

डिफचं घर ओतीव आहे आणि नळ्या त्यात दाबून, बाजूच्या भोकांतून वेल्ड केलेल्या असतात. जोरदार वापरात नळी त्यात फिरू शकते, म्हणून बरेच जण तो सांधाही बाहेरून वेल्ड करतात. करायचं तर निकेलचे रॉड, भरपूर आगाऊ तापवणं, इंचाएवढे छोटे मणी, प्रत्येक मण्यावर हलके हातोडे आणि शेवटी राखेत किंवा कोरड्या चुन्यात सावकाश थंड करणं, हे सगळं पाळणारा वेल्डर हवा. तो नसेल तर तो सांधा आहे तसा सोडा.

स्प्रिंगच्या बैठका सगळ्यात शेवटी. त्या आधी फक्त टाक्यांवर धरा, ॲक्सल गाडीखाली लावा, गाडी तिच्या चाकांवर उभी करा, पिनियन ठरलेल्या कोनात आणा आणि मगच पक्क्या करा. बेंचवर ठरवलेली बैठक आणि वजनाखाली बसलेली स्प्रिंग यांत हमखास दोन-तीन अंशांचा फरक निघतो.

गाडी जमिनीवर आल्यावर

टाय रॉड तितकाच आखूड होतो. जाड नळी घ्या, एका टोकाला उजवा आटा, दुसऱ्याला डावा, म्हणजे रॉड फिरवून टो (दोन्ही चाकांच्या पुढच्या आणि मागच्या अंतरातला फरक) बदलता येतो. ड्रॅग लिंक आणि ट्रॅक बार शक्यतो एकमेकांना समांतर आणि सारख्या लांबीचे ठेवा. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप वळतं.

कॅस्टर खरा आला का ते महागड्या यंत्राशिवाय पाहता येतं. चाकांखाली ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे ठेवा. अँगल गेज हबच्या सपाट भागावर उभा लावा. चाक २० अंश बाहेर वळवा, गेज शून्य करा, मग २० अंश आत वळवा. गेजवरच्या फरकाला दीडनं गुणलं की कॅस्टर मिळतो. ४ अंश दिसले तर कॅस्टर ६. कॅम्बर शून्य ते अर्धा अंश आला तर ठीक. थोडा चुकला असेल तर वरच्या बॉल जॉइंटची एक्सेंट्रिक बुश बदलून सुधारतो.

टोसाठी दोरी लावण्यापेक्षा ही पद्धत अचूक. चाक उचलून हातानं फिरवा आणि टायरच्या मधोमध खडूचा पट्टा घ्या. खडू वाळला की स्टँडवर बांधलेला खिळा त्यावर टेकवून चाक पुन्हा फिरवा. बारीक, पूर्ण गोल रेघ मिळते. दुसऱ्या चाकाचंही तसंच करा. गाडी खाली घ्या, थोडी पुढे ढकला म्हणजे स्प्रिंग बसते, आणि हबच्या उंचीवर रेघेपासून रेघेपर्यंत पुढून आणि मागून मोजा. पुढचं माप अर्धं ते एक सूत कमी हवं, म्हणजे साधारण दीड ते तीन मिमी टो-इन. टायरच्या कडेवरून मोजू नका, टायर कधीच तेवढा गोल नसतो.

इतकं करूनही ६०-७०च्या वेगात स्टीअरिंग थरथरलं तर लगेच कॅस्टरला दोष देऊ नका. बहुतेक वेळा ट्रॅक बारचा बोल्ट त्याच्या भोकात खेळत असतो किंवा बॉल जॉइंट सैल असतो.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. महिंद्रांनी १९४७मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून या घराण्यातली जीप आपल्याकडे आहे, आणि वरची सगळी रीत जुन्या जीपवाल्यांनाही उपयोगी पडेल. पण मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांत बदल करून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच अधोरेखित केलं. असा ॲक्सल बसवलेली गाडी शर्यतीसाठी किंवा खाजगी जमिनीवर वापरायची आणि तिथपर्यंत ट्रेलरवर न्यायची. विमा कंपनीनं दावा नाकारल्यावर हे वाचण्यात अर्थ नाही.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, डिफचं तेल बदला आणि जुनं तेल पांढऱ्या कापडावर ओतून त्यात चकाकी दिसते का पाहा. उजव्या सीचा वेल्ड तारेच्या ब्रशनं घासून बॅटरीच्या उजेडात संपूर्ण गोल तपासा, विशेषतः खालची बाजू. तिथं रंग भेगाळलेला दिसला तर गाडी पुढे चालवू नका.